चोवीस नंबरचं पाकीट

“मॅडम, ज्या दिवशी पाकिटात ‘नाही’ निघतं, त्या दिवशीचा आमचा पाऊस कुठे जातो?”

प्रश्न माझाच होता, पण तो भर सभेत विचारायला लावला माझ्या वर्गातल्या चष्मीनं आणि लांबडीनं. उभी राहून विचारलास तर आठवडाभर तुझं दप्तर आम्ही वाहू, अशी पैज होती. मागच्या वर्षीची मी असते तर ही पैज घेतलीच नसती. मागच्या वर्षी माझी हजेरीसुद्धा दुसऱ्या बाकापर्यंत पोचत नव्हती आणि सगळा वर्ग मला मांजर म्हणायचा. यंदा मी वक्तृत्वात पहिली आले आणि मांजराची तोफ झाली. आता तोफ म्हटल्यावर ती किती दिवस गप्प बसणार?

शाळेच्या मोठ्या खोलीत आम्ही मुली-मुलं खाली बसलो होतो आणि भिंतींना टेकून निम्मं गाव उभं होतं. ढगांच्या संशोधनाला सरकारनं आणखी एका हंगामाची मदत दिली, हे सांगायला केंद्रावरच्या मॅडम आल्या होत्या. माझा प्रश्न ऐकून त्यांनी हातातला खडू खाली ठेवला. बाबा सगळ्यात मागे, दाराजवळ उभे होते. मी वळून पाहिलं नाही, पण ते घसा खाकरायला लागले आणि अर्ध्यातच थांबले, ते मला ऐकू आलं. पैज मी जिंकले होते.

पाकिटांचं प्रकरण सांगायला हवं.

आमच्या गावामागच्या टेकडीवर पत्र्याची टोपी घातलेलं एक यंत्र आहे. सरकारी कागदात त्याला दीड ओळीचं नाव आहे; गाव त्याला चूल म्हणतं. एका बाजूला गॅसची टाकी, दुसऱ्या बाजूला औषधाचं पिंप आणि मध्ये नळी, तिच्यावर नळासारखी फिरवायची चावी. हवा तसा ढग आला की चूल पेटवायची. तिच्या धुरातून चांदीच्या क्षाराचे कण वर चढतात आणि ढगातलं पाणी त्यांना धरून खाली येतं, निदान यावं अशी आशा असते. चांदी आहे म्हटल्यावर सुरुवातीला दोघेतिघे पिंपात बोट बुडवून आले होते, त्यांच्या बोटांवर काळे डाग पडले. पहिल्यांदा चूल पेटली तेव्हा ती वीतभर निळी ज्योत बघून चहावाला म्हणाला, हिच्यापेक्षा माझी शेगडी मोठी आहे, उद्यापासून मीच पाऊस पाडतो.

बाबा आधी विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. विहिरी आटल्या तसं मोटारींचं रडगाणं थांबलं आणि बाबांचं कामही. मग हे काम आलं. केंद्रावरून फोन येतो की ढग जमलाय. बाबा टेकडी चढतात, लोखंडी पेटीतून पुढच्या नंबरचं बंद पाकीट काढतात आणि फोडतात. आत एकच शब्द असतो, ‘पेटवा’ किंवा ‘नाही’. निघेल तसं करायचं, पडलं पाणी मोजायचं, वहीत लिहायचं आणि कुणाकडे बोलायचं नाही. शाळेतलं पावसाचं माप गणिताचे सर वाचतात, त्यांनाही कळू द्यायचं नाही. ज्योत खालून दिसत नाही, त्यामुळे बाबा चढले म्हणजे चूल पेटली असंच गाव धरून चालायचं. कुणाला सांगणार नाही असं बाबांनी सही करून दिलं होतं. पण एका मोटारीच्या साखळीत त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं कधीच चेंगरून गेलीत, ती वळत नाहीत, म्हणून वही मी लिहिते. मी कुठे सही दिली होती? मी चष्मीला सांगितलं, चष्मीनं लांबडीला.

मॅडमनी उत्तर खरं दिलं, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. चूल पेटवल्यामुळे पाऊस आला की तो येणारच होता, हे कळायचं तर काही ढग तसेच सोडावे लागतात, साधारण निम्मे, असं त्या म्हणाल्या. कुठले सोडायचे ते माणसावर टाकलं तर माणूस चांगला असला तरी फसवतो, स्वतःलासुद्धा, म्हणून पाकिटं. हे त्यांनी आकृती काढून समजावलं. गावानं त्यातला ‘निम्मे’ एवढा एकच शब्द घरी नेला.

दुसऱ्या दिवशी बाबा दाढीला गेले. न्हाव्यानं फेस लावला, डावा गाल केला आणि वस्तरा पुसून ठेवून दिला. “तुम्ही निम्मे ढग सोडता ना,” तो म्हणाला, “मीही निम्मी दाढी सोडतो. दोन्ही गाल बघून कळेल की वस्तऱ्यानं काही फरक पडतो का.” दुकान हसलं. बाबाही थोडं हसले म्हणे, हे आम्हाला काकांनी सांगितलं. तसेच उजव्या गालावर फेस वाळलेले ते बाजारातून चालत घरी आले. आईनं आरसा धरला आणि त्यांनी उरलेली दाढी डाव्या हातानं केली. हनुवटीला दोन ठिकाणी कापलं. आई माझ्याकडे बघत होती, आरशाकडे नाही.

पाण्याचा टँकर दर चौथ्या दिवशी येतो. आईच्या कळश्या रांगेत नेहमी सहाव्या-सातव्या असायच्या. त्या आठवड्यात गिरणीवालीनं त्या पायानं सरकवल्या, मग तिच्या मागच्या बाईनं सरकवल्या, आणि अशा सरकत सरकत त्या रस्त्याच्या कडेला पोचल्या. गिरणीवाली म्हणाली, तुमच्याकडे पाकिटं आहेत की, फोडा एखादं आणि भरा. टँकरची नळी शेवटी नुसती फुरफुरली. आई दीड कळशी घेऊन आली. त्या दीड कळशीत चार दिवस काढायचे म्हणजे भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायची आणि माझे लांब केस धुवायचे नाहीत. मी कात्री घेतली आणि केस खांद्यापर्यंत कापून टाकले. चष्मी म्हणाली, छान दिसतात. पैजेप्रमाणे ती माझं दप्तर वाहत होती, पण आता चार पावलं मागून.

थोरले काका शेजारच्याच घरात राहतात, मधली भिंत सामाईक. त्यांच्याकडे तीस शेळ्या आहेत. ते संध्याकाळी येऊन आमच्या उंबऱ्यावर बसायचे आणि बाबांना शिव्या द्यायचे नाहीत, हीच अडचण होती. नुसत्या शेळ्यांच्या गोष्टी सांगायचे. आज ती कानफाटी उभी राहिली नाही. आज मी बोरीच्या फांद्या तोडायला अगदी पलीकडच्या नाल्यापर्यंत गेलो. मग उठताना विचारायचे, “ती चावी तुझ्या हातात असते ना रे?” बाबा म्हणायचे, असते. “मग झालं तर,” असं म्हणून काका जायचे.

तेवीस पाकिटं अशीच गेली. काही ‘पेटवा’ होती, काही ‘नाही’, आणि पाऊस असा पडायचा की मापाच्या बाटलीचा तळ जेमतेम ओला व्हायचा. एकदा तर मी वहीत ‘दोन थेंब’ असं लिहिलं आणि बाबांनी ते खोडायला लावलं.

चोविसाव्या पाकिटाच्या दिवशी मी शाळेतून येत होते तेव्हा फोन आला. ढग पश्चिमेला उभा होता, खालून सपाट आणि वर फुलकोबीसारखा गच्च. मी दप्तर घरात टाकलं आणि बाबांच्या मागे टेकडी चढले. वर पोचतो तर आमच्या आधी वीसेक माणसं चढून बसलेली. काका, न्हावी, गिरणीवाली, तिची सून. जरा मागे आईसुद्धा, रिकामी कळशी काखेत घेऊन. ती टँकरच्या रांगेतूनच इकडे वळवली गेली होती की स्वतः आली होती, हे मी अजून विचारलेलं नाही.

कुणी आरडाओरडा केला नाही. काकांनी एवढंच सांगितलं की आज पाकिटात काही निघो, चूल पेटवायची, आम्ही इथून हलत नाही. आणि मग, हवामानाबद्दल बोलावं तसं, “मी उद्या शेळ्या विकतोय. आज काही झालं नाही तर.”

बाबांनी पेटी उघडली. सगळ्यांकडे पाठ करून पाकीट फोडलं. त्यांच्या कोपराखालून मी वाचलं. ‘नाही.’

त्यांनी कागदाची घडी घातली, तिची आणखी एक घडी घातली आणि खिशात ठेवली. त्यांच्या मानेवर घाम होता, त्यावर टेकडीची लाल धूळ बसली होती. मग ते वळले आणि म्हणाले, “पेटवा निघालंय.”

लोक मोकळेपणानं हसले. न्हावी म्हणाला, बघा, उगाच चढलो. बाबा चुलीजवळ वाकले. एरवी ते चावीला पाना लावून फिरवतात, पण पाना खाली घरात राहिला होता. वाकड्या बोटांत चावी धरली, ती सुटली. डाव्या हातानं धरली, तर ती घामानं निसटली. वीस माणसं बघत होती. ओठ न हलवता बाबा मला म्हणाले, “फिरव.”

मी फिरवली. चावी उन्हानं तापली होती, तळव्याला चटका बसला. ज्योत निळी झाली आणि मग तिच्या टोकाला पिवळसर रंग आला, म्हणजे औषध चढलं. पाऊण तासानं वारा एकदम पडला आणि पाऊस आला. बारीक नाही, सरळ, जाड, टेकडीवर चरणाऱ्या शेळ्यांच्या पाठीवर आपटून उडणारा. गिरणीवालीनं स्वतःची बादली बाजूला ठेवून आईची कळशी पुढे धरली. काका पावसात उभे राहून बाबांच्या पाठीवर थापा मारत होते आणि बाबा प्रत्येक थापेला थोडे थोडे खाली जात होते.

बाटलीत सदतीस मिलिमीटर पाणी भरलं. त्या हंगामात एवढं कधीच नाही.

घरी आलो तेव्हा अजून उजेड होता. आमच्या कपड्यांतून पाणी गळत होतं आणि आईनं खाली पोतं टाकलं. बाबा म्हणाले, “लिही.” मी मोठ्यानं म्हणत लिहिलं, नंबर चोवीस. पाकीट, नाही. पाऊस, सदतीस. मध्ये एक रकाना राहिला, ‘काय केलं’ असा. मी पेन वर धरून विचारलं, इथे काय लिहू? पाकिटांची यादी केंद्रात कुलपात आहे, तिथे चोवीसपुढे ‘नाही’ आहे, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. बाबा म्हणाले, “पाकिटात आहे तेच.”

मी लिहिलं, ‘पेटवली नाही.’ माझं अक्षर गोल आणि सुटं आहे. बाबांनी खाली सही केली.

त्यानंतर आमचे दिवस फिरले. आईच्या कळश्या पहिल्या लागायला लागल्या, गिरणीवाली स्वतः उचलून पुढे ठेवायची. काकांनी शेळ्या विकल्या नाहीत. न्हाव्यानं सांगून पाठवलं की तुमची दाढी जन्मभर फुकट. बाबा गेले नाहीत. त्यांनी दाढी वाढवली. आई म्हणाली, लोक काय म्हणतील, फुकट आहे तर करून या. ते म्हणाले, खाज कमी होते. दाढीनं खाज कमी होते हे मी पहिल्यांदा ऐकलं. चष्मी आणि लांबडी पुन्हा माझ्या डाव्या-उजव्या बाजूला आल्या, आणि मी वर्गात हात वर करून बोलायची, पण बोलताना मध्येच मला माझं ते गोल अक्षर दिसायचं आणि वाक्य तुटायचं. गुरुजी म्हणाले, तोफ ओली झाली वाटतं.

काल मॅडम आमच्या घरी आल्या. सतरंजीवर बसल्या, चहा घेतला, लॅपटॉप उघडला आणि ठिपके दाखवले. पेटवलेल्या दिवसांचे निळे, न पेटवलेल्या दिवसांचे लाल. जितका पाऊस जास्त तितका ठिपका वर. निळे जरासे वर होते, लाल जरासे खाली, आणि एक लाल ठिपका एकटाच पार वरच्या कडेला जाऊन बसला होता.

“हा एकटा नसता तर,” मॅडम म्हणाल्या, आणि पुढचं बोलायच्या आधी चहाचा घोट घेतला. पेटवलं काय, न पेटवलं काय, सारखंच, असा हिशेब निघाला होता. पुढच्या वर्षीची मदत सरकार देणार नाही. महिन्याच्या अखेरीला चूल उतरवतील. आणखी सात ठिकाणी अशाच चुली बसवायच्या होत्या, तिथली माणसं आमच्या उत्तराची वाट बघत होती. त्यांनाही आता नकार जाईल.

बाबा जमिनीकडे बघत होते. विचारलं ते आईनं. आई पाहुण्यांसमोर सहसा बोलत नाही. तिनं विचारलं, “तो एक काढून टाकला तर?”

मॅडम हसल्या, पण दमलेल्या. “मला आवडला नाही म्हणून ठिपका काढायचा, तर पाकिटं कशाला केली मी?” त्या दिवशी कामच चुकीचं झालं असतं तर गोष्ट वेगळी, असं त्या म्हणाल्या. तसं असेल तर तो दिवस बाद होतो, आणि मग आख्खी वहीच संशयात येते, एकेक पान पुन्हा तपासायचं. “पण इथे तो प्रश्न नाही. तीन केंद्रांत हीच एक वही मला दुसऱ्यांदा बघावी लागली नाही.” आणि माझ्याकडे वळून, “परवा सरकारी साहेब येतायत. शाळेत सगळ्यांसमोर ही वही वाचली जाईल, एकतीसही नोंदी. तू वाच. तुझा आवाज चांगला आहे, आणि या सगळ्याची सुरुवात तुझ्याच प्रश्नानं झाली होती.”

त्या गेल्या तेव्हा कपाखाली बशी नव्हती हे आईच्या लक्षात आलं, आणि ती त्याबद्दलच बराच वेळ बोलत राहिली.

मग काका आले. त्यांना बातमी लागली होती. ते म्हणाले, परवा साहेबांसमोर आम्ही वीसही जण उभे राहणार, आम्ही डोळ्यांनी बघितलंय चूल पेटताना आणि धो-धो पडताना, कोण म्हणतो सारखंच? मला म्हणाले, “तू फक्त तो दिवस आला की जोरात वाच, बाकी आम्ही बघतो.” ते गेले आणि आईनं दार लावून घेतलं.

कारण उद्या मी चोवीस नंबर वाचणार. पाकीट नाही, पेटवली नाही, पाऊस सदतीस. आणि समोर ती वीस माणसं असणार, ज्यांनी मला चावी फिरवताना पाहिलंय. ‘पेटवली’ असं बदलून वाचलं तर मॅडम माझा हात धरतील. गाळून वाचलं तर त्या मोजतायत. मी आजारी पडले तर मॅडम स्वतः वाचतील. मी आज सकाळपासून सगळ्या वाटा चालून बघितल्या, आणि प्रत्येक वाट फिरून त्याच रकान्यात येते.

आज शाळेतून आल्यावर बाबांनी मला शेजारी बसवलं. त्यांच्या वाकड्या बोटांत वही होती, ते ती उगाच चाळत होते. त्यांना नीट वाचता येतं, पण ते वाचत नव्हते. आई तांदूळ निवडत होती. बाबा म्हणाले, तेवीसपर्यंत नेहमीसारखं वाच. पंचविसापासून नेहमीसारखं वाच. “मधला तेवढा हळू वाच. तू आधी वाचायचीस ना, मांजरासारखी. कुणाला कळणार नाही.”

मी म्हटलं, मॅडमना कळेल. ते म्हणाले, मॅडमच्या हातात यादी आहे, त्यांना ऐकू येण्याची गरज नाही. गावाला ऐकू गेलं नाही म्हणजे झालं. त्यांनी हे सगळं आधीच जुळवून ठेवलं होतं, बोलताना ते एकदाही अडखळले नाहीत.

आई तांदळातून नजर न काढता म्हणाली, “कळश्या पुन्हा रस्त्यावर जातील. ते मी सोसेन. चूल तर जाणारच आहे, पण ह्यांचं नाव खराब झालं तर दुसरं काम मिळणार नाही. ह्या बोटांना कोण काम देतं?”

तिचं खरं होतं. बाबांचंही खरं होतं. मी माझ्या तळव्याकडे बघितलं. चटक्याचा डाग केव्हाच गेलाय, पण मला तो कुठे होता ते माहीत आहे. खरं सांगितलं म्हणून चूल राहील असंही नाही; वही बाद होईल, बाबांचं नाव जाईल, काका आमच्या उंबऱ्यावर बसायचे थांबतील, आणि त्या सात ठिकाणांना नकाराऐवजी कदाचित नुसतं ‘थांबा’ असं उत्तर जाईल. यापेक्षा जास्त काही हातात येणार नाही, हे मी तीनदा मोजून बघितलं होतं. तरी बाबा मला मांजर हो म्हणाले तेव्हा माझी नजर त्यांच्या दाढीवर गेली. ते स्वतः महिनाभर तेच होऊन बसले होते.

मी वही त्यांच्या हातातून काढून घेतली. आईचा हात तांदळात थांबला.

“मी उद्या वाचणार आहे,” मी म्हटलं. “आणि चोवीस नंबर हळू वाचणार नाही. शेवटच्या भिंतीपर्यंत जाईल असा वाचीन, मग वही मिटून सांगेन की ही नोंद खोटी आहे, ती मी लिहिली आणि चावीही मीच फिरवली. बाबा, तुम्ही दाराशी उभे राहू नका. पुढे बसा, मला दिसाल असे.”